लोणारचे विवर आणि चंद्राची पाठ



चंद्राची जी बाजू आपल्यापैकी कोणी अंगणात उभे राहून पाहिलेली नाही, त्या बाजूवरचे एखादे लहानसे विवर कसे झाले असेल, हा आजचा विषय आहे. विषय दूरचा वाटेल. पण तो समजून घेण्याची सोयीची जागा आपल्याच मुलखात, बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत झाले. म्हणून कष्टकऱ्याला पटतील अशाच दाखल्यांनी सांगतो.

चंद्राची पाठ आपल्याला का दिसत नाही? खळ्यावर मेढीला बांधलेला बैल आठवा. तो गोल फिरतो, पण त्याची एकच कूस सदैव मेढीकडे असते. तरी एका फेऱ्यात त्याचे तोंड चारी दिशांना होऊन येते. म्हणजे मेढीभोवती एक फेरा आणि स्वतःभोवती एक फेरा, दोन्ही एकाच वेळी पुरे होतात. चंद्राचे असेच आहे. त्याच्या दोन्ही फेऱ्यांना सुमारे २७.३ दिवस लागतात. मात्र पलीकडची बाजू कायम अंधारात असते, हा समज खोटा आहे. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा तिकडे लख्ख ऊन पडलेले असते.

७ ऑक्टोबर १९५९ रोजी सोव्हिएत संघाच्या ल्यूना-३ या यानाने त्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली. आपल्याकडच्या बाजूवर काळसर मैदाने पुष्कळ. तिकडे ती नावालाच, आणि विवरांवर विवरे. तिकडे मार अधिक बसला म्हणून असे झाले काय? नाही. मार दोन्हीकडे बसला. पण अलीकडच्या बाजूवर पातळ झालेला खडक उसळून पसरला आणि जुनी विवरे त्याखाली बुजली. पलीकडे कवच जाड, म्हणून खुणा उघड्या राहिल्या. त्याच बाजूवर, दक्षिणेकडे, आपल्या होमी भाभांच्या नावाचे एक मोठे विवर आहे.

आता लोणार पाहू. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आकार वाटीसारखा, तळाशी खारे पाणी. चंद्रावर एवढे विवर लहानांतच गणले जाईल. पुराणकथा सांगते की येथे विष्णूने लवणासुराला मारले. दैत्यसूदनाचे सुंदर मंदिर त्या कथेची साक्ष म्हणून गावात उभे आहे. कथा आपल्या जागी राहो. अनेक जाणत्यांचे मत मात्र असे होते की हे ज्वालामुखीचे तोंड असावे, कारण सगळे दख्खनचे पठारच लाव्ह्याचे आहे. धाराशिवची लेणी ज्यात कोरली, आपल्या विहिरी ज्यात खोदल्या, तोच हा काळा पाषाण. आणि चंद्रावरची काळी मैदानेही याच जातीच्या खडकाची.

मग निकाल कसा लागला? मतांनी नव्हे, पुराव्याने. तळ्याच्या तळाला छिद्रे घेतली, तेव्हा गाळाखाली चुरा झालेला खडक निघाला. त्यात खनिजांची अशी काच सापडली, जी केवळ प्रचंड आघाताच्या दाबानेच होते. १९७३ साली हे प्रसिद्ध झाले. शिवाय दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवराचे वय मात्र नव्या मोजणीप्रमाणे सुमारे पावणेसहा लाख वर्षे. आग विझून युगे लोटल्यावर वरून दगड आला.

दगड तिरपा आला तरी विवर बहुधा गोल का होते? खाणीतल्या माणसाला हे पटेल. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात एक किलो सुरुंगाच्या दारूच्या चाळीसपटींहून अधिक शक्ती असते. असा दगड पहारीसारखा रुतत नाही. तो सुरुंगासारखा फुटतो, आणि स्फोटाचा जोर चहूकडे सारखा जातो. पृथ्वीवर वारा, पाऊस आणि नद्या या खुणा पुसतात. चंद्रावर ना वारा ना पाणी, म्हणून लहान विवरेही कोट्यवधी वर्षे टिकतात.

हे जाणून पोट भरते काय, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, तेव्हा मी विशीत होतो. पत्र्याच्या निवाऱ्यात बसलेली माणसे विचारीत, "दादा, आता धरणी फाटून आग वर येणार काय?" ज्याने आपल्या पायाखालच्या खडकाची कहाणी वाचली होती, तोच त्यांना खात्रीने "नाही" म्हणू शकत होता. गेलेली माणसे ज्ञानाने परत आली नाहीत. पण उरलेल्यांची एक भीती तरी त्याने कमी होई. अज्ञानाचे भाडे गरिबालाच अधिक भरावे लागते.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही तर्कवितर्क झाले. खारटपणा वाढून त्यात फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी तळ्याची रामसर पाणथळ म्हणून नोंद झाली. नोंद झाली म्हणजे रक्षण झाले असे नाही. तेथे सांडपाणी जाऊ न देणे, काठ न उकरणे, हे माणसांनीच करायचे आहे. चंद्रावरची विवरे राखायला कोणी लागत नाही. आपले विवर आपणच राखले पाहिजे.