घास आत की बाहेर?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सागरी शेवाळ खाणारी अ‍ॅप्लिसिया ही समुद्री गोगलगाय. मज्जासंस्थेत जेमतेम २० हजार चेतापेशी, पण काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात! हिच्यावरच्या स्मृतिसंशोधनामुळेच एरिक कँडेल यांना २००० सालचं नोबेल विभागून मिळालं.

मला मात्र तिचं तोंड जास्त विलक्षण वाटतं. बारीक दातांची खरखरीत जीभ पुढे येते, शेवाळ पकडते, आत ओढते. नको ती वस्तू आली, तर तीच जीभ ती बाहेर ढकलते. स्नायू तेच, बदलते फक्त वेळ. जीभ मिटवणारी बी-८ चेतापेशी जीभ मागे जाताना चेतली की घास आत, पुढे येताना चेतली की बाहेर.

शेवाळ जाळीत गुंडाळून दिलं, तर गिळता न आल्याने ती थोड्या वेळाने तोंड लावणंच सोडते. दुसऱ्या दिवशीही ते तिच्या लक्षात असतं.