पुण्यातील रोटरी : एका वर्षाचे अध्यक्ष, अनेक वर्षांची कामे

रोटरी क्लब ही उद्योजक, व्यापारी आणि व्यावसायिक यांनी एकत्र येऊन चालवलेली सेवासंस्था आहे. सभासद ठरलेल्या दिवशी भेटतात, वर्गणी भरतात आणि आपला वेळ, पैसा व धंद्यातली जाणकारी यांतला काही वाटा समाजाच्या कामासाठी काढून ठेवतात. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड मिळून असे अनेक क्लब आहेत. प्रत्येकाचे सभासद, हिशोब आणि उपक्रम स्वतंत्र असतात. पुणे व रायगड या दोन जिल्ह्यांतील क्लब मिळून रोटरीचा ‘प्रांत ३१३१’ होतो, आणि त्याच्या प्रमुखाला प्रांतपाल म्हणतात.

रोटरीची सुरुवात अमेरिकेतील शिकागो शहरात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी झाली. पॉल हॅरिस हे वकील, त्यांच्यासोबत एक खाण अभियंता, एक कोळशाचे व्यापारी आणि एक शिंपी, अशा चौघांची ती पहिली बैठक होती. मोठ्या शहरात धंदा करताना माणसे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, ही हॅरिस यांची खंत होती. बैठका सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीने होत, त्यावरून संस्थेला नाव मिळाले. आरंभी सगळा भर आपसांतल्या ओळखीवर आणि धंद्यातल्या देवघेवीवर होता. १९०७ मध्ये या मंडळींनी शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून पुढाकार घेतला, आणि तेथून सेवेचे अंग वाढत गेले. भारतात पहिला क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात निघाला, मुंबईत १९२९ मध्ये, आणि पुढच्या दशकात पुण्यात ‘रोटरी क्लब ऑफ पूना’ स्थापन झाला.

स्वातंत्र्यानंतर पुण्याचे स्वरूप पालटले. खडकीत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर कारखान्यांच्या रांगा लागल्या. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक, कारखान्यांतून निवृत्त झालेले अभियंते, नव्या वसाहतींतले डॉक्टर, वास्तुरचनाकार, सनदी लेखापाल असा मोठा वर्ग शहरात तयार झाला. क्लबांची वाढ या वर्गाबरोबर झाली. पुढे निगडी, तळेगाव, लोणावळ्यापर्यंत क्लब पोचले, आणि पूर्वी बहुतांशी इंग्रजीत चालणाऱ्या या चळवळीत मराठीत कामकाज करणारे क्लबही आले. क्लब कोणत्या भागात आहे आणि तेथे कोणत्या धंद्याची माणसे राहतात, यावर त्याचे काम बरेचसे ठरते.

सभासद घेताना रोटरीत व्यवसायाचे वर्गीकरण पाहतात. पूर्वी एका क्लबात एका व्यवसायाचा एकच माणूस घेत. आता तो नियम सैल झाला आहे, तरी एकाच धंद्याची गर्दी होऊ नये ही दृष्टी टिकून आहे. या एका नियमाचा उपयोग बाहेरून सहज लक्षात येत नाही. गावातल्या ओढ्यावर बंधारा घालायचा असेल तर जागा पाहणारा स्थापत्य अभियंता, अंदाजपत्रक तपासणारा लेखापाल, करार लिहिणारा वकील आणि सिमेंटचा भाव ठाऊक असलेला व्यापारी, ही चारही माणसे क्लबाच्या एकाच बैठकीत शेजारी बसलेली असतात. सल्ल्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि कंत्राटदाराला खोटे बिल खपवता येत नाही. पुण्यातील क्लबांची खरी पुंजी ही आहे. देणगीचा आकडा पाहून क्लबाचे मोजमाप करणारे लोक याच गोष्टीला कमी लेखतात.

सभासदांपुढे आचरणाची एक कसोटीही असते. हर्बर्ट टेलर या अमेरिकन उद्योजकाने बुडत चाललेली भांड्यांची कंपनी सावरताना १९३२ मध्ये चार प्रश्न लिहून काढले: आपण जे करतो-बोलतो ते सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव व मैत्री वाढेल का, आणि ते सर्वांच्या हिताचे आहे का. रोटरीने ही ‘चतुर्विध कसोटी’ पुढे स्वतःची केली. व्यवसाय प्रामाणिकपणे करणे हीच सेवा, हा विचार तिच्यामागे आहे. त्याच विचाराने अनेक क्लब दरवर्षी आपापल्या कामात नेकीने राबणाऱ्या माणसांचा व्यवसाय सेवा पुरस्कार देऊन गौरव करतात. ज्यांच्या कामाकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही अशांची निवड होते, तेव्हा हा उपक्रम सर्वांत शोभून दिसतो.

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि संचालक मंडळ एका वर्षापुरते असते. पुढचा अध्यक्ष आधीच निवडलेला असतो, आणि पदभार घेण्यापूर्वी त्याचे प्रशिक्षण होते. जुलै महिन्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत पदग्रहण समारंभांच्या बातम्या ओळीने दिसतात त्या याचमुळे. बैठक पूर्वी दर आठवड्याला सक्तीची होती, हजेरी काटेकोर मोजत, आणि चुकलेली बैठक दुसऱ्या क्लबात जाऊन भरून काढावी लागे. २०१६ पासून महिन्याला किमान दोन बैठका पुरतात. तरुण नोकरदारांना हे सोयीचे झाले. मात्र जे क्लब अजूनही आठवड्याला भेटतात त्यांच्यात कामाचा पाठपुरावा अधिक घट्ट राहतो.

पैशाची व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. सभासदांच्या वर्गणीतून क्लबचा स्वतःचा खर्च चालतो. लोकांकडून सेवाकार्यासाठी जमवलेला पैसा या खर्चाला वापरता येत नाही, म्हणून खाती वेगळी ठेवतात. अनेक क्लबांनी त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला न्यासही काढलेला असतो. मोठ्या कामासाठी रोटरी फाउंडेशनचा आधार मिळतो. हे फाउंडेशन १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांच्या सूचनेतून निघाले, आणि त्याला मिळालेली पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलरची होती. आज सभासद फाउंडेशनच्या वार्षिक निधीला जी देणगी देतात, तिच्यातला सुमारे निम्मा भाग तीन वर्षांनी त्यांच्याच प्रांताच्या हाती परत येतो. फाउंडेशनच्या ‘ग्लोबल ग्रँट’ या अनुदानासाठी प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो, आणि दोन देशांतले दोन क्लब भागीदार लागतात. पुण्याच्या क्लबाने काम करायचे, परदेशी क्लबाने साथ द्यायची, दोन्ही प्रांतांनी वाटा उचलायचा आणि फाउंडेशनने त्यात भर घालायची, अशी ही रचना आहे. अर्जाआधी गावाची गरज पाहणीने सिद्ध करावी लागते, आणि अनुदान संपल्यावर काम कसे चालेल हेही लिहून द्यावे लागते. कागदपत्रांचा हा जाच वाटतो खरा, पण त्यामुळेच हौसेपोटी सुचलेली बरीच कामे वेळीच गळून पडतात.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने दुसरे दार उघडले. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. कारखाने आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या पुण्यात भरपूर आहेत, पण खेड्यात जाऊन काम उभे करणारी माणसे त्यांच्याकडे नसतात. क्लबांकडे ती असतात. अनेक प्रकल्पांत म्हणून निधी कंपनीचा आणि अंमलबजावणी क्लबाची असते.

कामांमध्ये पहिला मान पोलिओचा. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ हटवण्याची मोहीम हाती घेतली. भारतात देशव्यापी पल्स पोलिओची पहिली फेरी ९ डिसेंबर १९९५ ला आणि दुसरी २० जानेवारी १९९६ ला झाली. लस आणि यंत्रणा सरकारची व महापालिकेची होती. रोटरीच्या सभासदांनी केंद्रांवर उभे राहणे, फलक व वाहने पुरवणे, कर्मचाऱ्यांच्या चहा-नाश्त्याची सोय पाहणे आणि घराघरांत जाऊन पालकांना समजावणे ही कामे उचलली. पुण्यासारख्या शहरात बांधकामांवरचे मजूर, वीटभट्ट्यांवरची कुटुंबे, ऊसतोडणीच्या टोळ्या सतत जागा बदलतात. एका फेरीत सापडलेले मूल पुढच्या फेरीला त्याच जागी असेलच असे नाही. म्हणून ही मोहीम एका दिवसाची राहिली नाही, वर्षानुवर्षे चालली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. दरवर्षी बदलणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी एकच काम इतकी वर्षे धरून ठेवल्याचे याहून चांगले उदाहरण रोटरीत नाही.

पुण्याची खास ओळख झालेले काम कृत्रिम हातांचे आहे. शेतावर कडबाकुट्टीत, कारखान्यात प्रेस मशीनखाली किंवा उच्चदाबाच्या विजेच्या धक्क्याने हात गमावणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पायासाठी जयपूर फूट सर्वांना ठाऊक असतो. हातासाठी मात्र स्वस्तात काही मिळणे अवघड असते. अमेरिकन अभिरचनाकार अर्नेस्ट मेडोज यांनी अपघातात दगावलेल्या आपल्या मुलीच्या, एलनच्या, स्मरणार्थ ‘एलएन-४’ नावाचा साधा प्लास्टिकचा हात तयार केला. एलन मेडोज फाउंडेशन तो गरजूंना विनामूल्य देते, आणि भारतात हे हात बसवण्याच्या कामात रोटरी क्लब ऑफ पूना डाउनटाउनने पुढाकार घेतला. कोपराखाली पुरेसा हात शिल्लक असेल तर शस्त्रक्रियेची गरज नसते. हात पट्ट्यांनी बांधला जातो, शिबिरातच पेला, लेखणी, चमचा धरून पाहण्याचा सराव होतो, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. या हाताला मूळच्या बोटांची नजाकत नाही आणि जड ओझे त्याने उचलता येत नाही, हे शिबिरात स्पष्ट सांगितले जाते. तरी स्वतःच्या हाताने जेवता येणे आणि लिहिता येणे, ही थोडी गोष्ट नव्हे.

पाण्याच्या कामाचे क्षेत्र शहराबाहेर आहे. मुळशी, वेल्हे आणि भोरच्या पश्चिम भागात पाऊस मुबलक पडतो, पण उतारावरून वाहून जातो, आणि एप्रिलपासून बायकांना हंडे घेऊन लांब जावे लागते. पुरंदरच्या पूर्व बाजूला पाऊसच कमी. दोन्हीकडे उपाय वेगळे लागतात. मातीने भरलेल्या सिमेंटच्या पोत्यांचा वनराई बंधारा पावसाळा संपता संपता श्रमदानातून एका दिवसात उभा राहतो, पण पुढच्या पुरात वाहून जातो. तो दरवर्षी घालावा लागतो, त्यासाठी गावच राजी असावे लागते. पक्का बंधारा, तलावातील गाळ काढणे, सौर पंपाची नळपाणी योजना यांना खर्च मोठा, मात्र आयुष्यही मोठे. जेथे गावाने पाणीपट्टी गोळा करून पंपाची देखभाल स्वतःकडे घेतली तेथेच या योजना टिकतात.

शाळांच्या बाबतीत रोटरीने २०१४ पासून देशभर साक्षरता मोहीम चालवली आहे. शिक्षकांना साहाय्य, ई-लर्निंग, प्रौढ साक्षरता, शाळाबाह्य मुलांना परत आणणे आणि शाळेची इमारत सुखद करणे ही तिची पाच अंगे. त्यांतले ई-लर्निंग संच आणि मुलींसाठी स्वच्छतागृहे जिल्हा परिषदेच्या शाळांत जास्त दिसतात. संच देणे सोपे असते. शाळेचे वीजबिल थकले, शिक्षकाची बदली झाली किंवा दुरुस्तीला माणूस मिळाला नाही की संच कपाटात जातो. स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर त्याला कुलूप लागते. अशा वस्तूंचे लोकार्पण थाटात होते, आणि वर्षाने कोणी फिरकत नाही. वर्षाच्या अध्यक्षपदाची ही सर्वांत मोठी उणीव आहे. नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा नवा उपक्रम हवासा वाटतो, जुना चालवण्यात नाव होत नाही. जे क्लब एकच रुग्णालय, एकच गाव किंवा एकच शाळा पाच-दहा वर्षे धरून ठेवतात, त्यांचे काम वेगळे उठून दिसते.

सर्वच कामांत रोटरी आघाडीवर असते असे नाही. पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा वारकऱ्यांच्या पायांच्या जखमा धुणाऱ्या, औषधे देणाऱ्या शेकडो मंडळांत रोटरीचे डॉक्टरही असतात, इतकेच. नेत्रसेवेत लायन्स क्लबांची परंपरा जुनी आहे. करोनाच्या काळात मराठा चेंबर ऑफ कॉमर्सच्या पुढाकाराने शहरातील उद्योगजगत एकत्र आले, आणि क्लबांनी आपापल्या भागात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर व संरक्षक साहित्य पुरवले.

स्त्रियांना रोटरीत प्रवेश मिळायला १९८९ साल उजाडावे लागले. तोवर सभासदांच्या पत्नींचे इनर व्हील क्लब वेगळे काम करत, आणि ते आजही करतात. प्रांत ३१३१ चे प्रांतपालपद आता महिलांनीही सांभाळले आहे. शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट आणि तरुणांसाठी रोटरॅक्ट हे क्लब पुण्यातील शाळा-महाविद्यालयांत चालतात.

एखाद्या शाळेला, गावाला किंवा संस्थेला रोटरीची मदत हवी असेल तर आपल्या भागातील क्लबाकडे लेखी अर्ज एप्रिल-मेमध्ये द्यावा. त्या सुमारास नव्या अध्यक्षाचे वर्षाचे नियोजन चालू असते. काय हवे याच्या जोडीने ते मिळाल्यावर सांभाळणार कोण, वीज-पाण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च कोठून येणार, हे अर्जात आधीच लिहावे.