शिक्षकाची मुलाखत : प्रश्न कोणी विचारावयाचे?

उन्हाळ्याची सुटी संपत आली, की 'शिक्षक पाहिजेत' अशा जाहिराती झळकू लागतात आणि प्रमाणपत्रांच्या फायली सांभाळीत तरुण-तरुणी शाळांच्या कार्यालयांबाहेर बाकांवर बसलेली दिसतात. आत विषयज्ञान, अनुभव, आधीची शाळा सोडण्याचे कारण, घरची परिस्थिती असे सारे काही विचारले जाते. अखेरीस अध्यक्ष शिष्टाचार म्हणून म्हणतात, 'आपल्याला काही विचारायचे आहे का?' बहुतेक उमेदवार 'नाही सर' एवढे बोलून नमस्कार करून बाहेर पडतात. ज्या करारावर आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे अवलंबून राहावयाची, त्यातील एका पक्षाचे म्हणणे या दोन शब्दांत आटोपते.

या मौनाची दोन कारणे आहेत. पहिले उघड आहे. एका जागेसाठी शंभर अर्ज येत असतील, तर विकणाऱ्याला भाव करता येत नाही. मग तो आपले श्रम विकत असला तरीही. दुसरे कारण मात्र संस्कारांत दडलेले आहे. शिक्षकाने पगाराची भाषा बोलणे कमीपणाचे, अध्यापन हे व्रत आहे, अशी आपल्याकडील समजूत. ही समजूत खोटी नाही. पण तिचा सोयीस्कर अर्थ लावला जातो, आणि तो तपासून पाहण्यास पुण्यातील कर्वेनगराइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

त्याग होता, पण उघड्या शर्तींवर

आजचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथील एका झोपडीत आला, आणि त्यातून पुढे स्त्रीशिक्षणाचे एक विशाल संकुल उभे राहिले. कर्वे स्वतः १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्या काळी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा सुमारे ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेत. आज कोणी त्यागाचा दाखला दिला, की तो बहुधा याच परंपरेचा असतो.

परंतु या परंपरेचे एक वैशिष्ट्य सहसा सांगितले जात नाही. वेतन किती, सेवा किती वर्षे, बाहेरचे अर्थार्जन चालेल की नाही, हे सारे तेथे आधी ठरत असे, आणि त्यावर कडाक्याचे वादही होत. लोकमान्य टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले, ते याच प्रकारच्या मतभेदांमुळे. त्यांच्या प्रदीर्घ राजीनामापत्रात सेवाशर्तींचा ऊहापोह आहे. गणिताच्या ज्या जागेवर कर्वे आले, ती टिळकांच्या जाण्याने रिकामी झाली होती. म्हणजे त्यागाच्या त्या सुवर्णयुगातही शर्ती विचारणे हा उद्धटपणा मानला जात नव्हता. शिवाय त्याग करणारे सदस्य स्वतःच संस्थेचे चालक होते. एकाने त्याग करावा आणि दुसऱ्याने इमारत वाढवावी, अशी ती वाटणी नव्हती. शर्ती झाकून ठेवून मागितलेल्या त्यागाला त्याग म्हणता येत नाही. ती केवळ स्वस्त मजुरी होय.

पहिला प्रश्न पदाचा

उमेदवाराचा पहिला प्रश्न पगाराचा नसून पदाचा असावा. शाळा अनुदानित आहे, अंशतः अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे, की २०१२ च्या कायद्याखालील स्वयंअर्थसहाय्यित आहे? पद मंजूर आहे का? संचमान्यतेत ते बसते का? बिंदुनामावलीनुसार ते कोणत्या प्रवर्गाचे? जागा कायम रिक्त आहे, की कोणी रजेवर गेल्यामुळे तात्पुरती भरावयाची आहे?

हे प्रश्न कारकुनी वाटले, तरी शिक्षकाचे सारे भवितव्य त्यांत साठवलेले आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. कायम रिक्त पदावर रीतसर नेमलेला शिक्षक दोन वर्षांचा परिविक्षाकाल पुरा झाला की कायम झाला असे हा कायदा मानतो. शिक्षणसेवकांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. परंतु मूळ नेमणूकच नियमबाह्य असेल, तर दहा वर्षे खडू झिजवूनही हे संरक्षण हाती लागत नाही. अनुदानित पदे 'पवित्र' या शासकीय प्रणालीमार्फत भरण्याचे धोरण २०१७ मध्ये आले. तेव्हा अशा पदासाठी बाहेरून बोलावणे आले, तर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ क्रमांक कोणत्या आधारावर मिळणार, हे विचारलेच पाहिजे. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कागदोपत्री कच्च्या नेमणुकीचे मोल किती मोठे असते, ते साऱ्या राज्याने पाहिले. केंद्रीय वा अन्य मंडळांशी संलग्न शाळांत कोणती सेवानियमावली लागू आहे, हाही प्रश्न आधीच विचारावा.

पगार, काम आणि कागद

त्यानंतर पगाराचा प्रश्न. वेतनश्रेणी आहे, की ठोक रक्कम? बारा महिन्यांचा पगार, की सुटीतील महिने कापून? भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, आणि संस्थेचा वाटा भरला जातो का? उपदान मिळते का? शिक्षकांना उपदानाचा हक्क देणारी दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरविली. तरीही अनेक शिक्षकांना तो हक्क निवृत्तीच्या दिवशीच प्रथम कळतो. काही ठिकाणी सही एका रकमेवर होते आणि हाती दुसरीच रक्कम पडते. बँकेत पगार जमा होऊ लागल्यापासून काही भाग रोखीने परत मागण्याची युक्ती निघाली आहे. अशा व्यवहाराची कबुली कोणीही मुलाखतीत देणार नाही. म्हणून हा प्रश्न मुलाखतीच्या टेबलावर न विचारता त्या शाळेत आज काम करणाऱ्या, आणि शक्य तर ती सोडून गेलेल्या शिक्षकाला विचारावा.

कामाविषयीचे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे. आठवड्याला किती तासिका? वर्गात किती मुले? स्वतःचाच विषय शिकवावयाचा, की रिकाम्या जागी जो येईल तो? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला आहे, आणि त्यात पूर्वतयारीचा वेळ अंतर्भूत आहे. पाठाची तयारी हे कामच आहे, हे कायद्याला समजते. ते व्यवस्थापनाला समजते का, हे तासिकांच्या उत्तरावरून कळते. प्रवेशासाठी घरोघर फिरावे लागेल का, हेही संकोच न बाळगता विचारावे. गेल्या पाच वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हा तर सर्वांत बोलका प्रश्न. कोणतीही माहितीपुस्तिका सांगणार नाही ते त्याचे उत्तर, किंवा उत्तर देतानाची चुळबुळ, सांगून जाते.

अखेरचा प्रश्न कागदाचा. नेमणूकपत्र रुजू होण्यापूर्वी मिळेल का? मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातील का? ती केवळ पडताळणीसाठी दाखवावयाची असतात, ठेवून द्यावयाची नसतात. राजीनाम्याबाबत तर कायदा आश्चर्यकारकपणे दक्ष आहे : राजीनाम्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. तारखेविना लिहून घेतलेल्या राजीनाम्यांचा धोका ध्यानात घेतला, म्हणजे या दक्षतेचे मर्म कळते. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्या शाळेत पुढे काहीही विचारण्याचे कारण उरत नाही. बडतर्फीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु ज्याच्यापाशी कागद नाही, त्याला तेथेही उभे राहणे कठीण.

विचारणाऱ्याला वगळले तर?

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो गंभीर आहे. इतके प्रश्न विचारणाऱ्याला वगळून न विचारणाऱ्याला घेतले जाईल. घरी चूल पेटवावयाची असताना ही चैन कोणाला परवडणार? हे खरे आहे. म्हणून वेळेचे तारतम्य हवे. पहिल्या भेटीत अध्यापनाविषयी विचारावे. निवड झाल्यावर, परंतु होकार देण्यापूर्वी, पद, वेतन आणि कागद यांविषयी. त्या थोड्या अवधीत शाळेलाही उमेदवार हवा असतो. आणि उत्तरे प्रतिकूल असूनही गरजेपोटी नोकरी स्वीकारावी लागली, तरी जाणून स्वीकारणे आणि फसून स्वीकारणे यांत मोठे अंतर आहे. जाणून स्वीकारणारा निदान दुसरीकडे अर्ज करीत राहतो आणि आपले कागद जपून ठेवतो.

तथापि सारा भार उमेदवाराच्या धैर्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा माहितीच्या विषम वाटणीचा प्रश्न आहे. जेथे घेणाऱ्याला सर्व ठाऊक आणि देणाऱ्याला काहीच नाही, तेथे चांगल्या शाळेलाही तिच्या चांगुलपणाचे मोल मिळत नाही, कारण बाहेरून सगळ्या शाळा सारख्याच दिसतात. पदाचे स्वरूप, वेतन, तासिका आणि निधी एवढे चार तपशील जाहिरातीतच छापले, तर जागेचा खर्च चार ओळींचा होईल. प्रामाणिक संस्थांनीच ही प्रथा पाडली पाहिजे. मग जी संस्था त्या चार ओळी छापणार नाही, तिच्याविषयी उमेदवाराला वेगळे विचारावे लागणार नाही.

वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्यावी, असे प्रत्येक अध्यापक विद्यालयात शिकविले जाते. ते शिकून आलेल्या शिक्षकाने शाळेच्या उंबरठ्यावरच मुकाट्याने मान डोलवावी, अशी ज्या संस्थेची अपेक्षा असेल, तिच्या वर्गांत मुले प्रश्न विचारतील ही आशा व्यर्थ होय.