पादचाऱ्याचा हक्क सीमेवर संपत नाही

कोजागिरीच्या सुमारास आपल्या बिदर-कलबुर्गी भागातून कितीतरी माणसे तुळजापूरला पायी निघतात. अशा वेळी सीमेपलीकडे, समजा नळदुर्गजवळ, एखाद्याला गाडीची धडक बसली, तर घरचे म्हणतात, "केस महाराष्ट्रातली. तारखेला कोण जाणार?" आणि गाडीवाल्याने हातावर टेकवलेल्या पैशांत प्रकरण मिटते. वाचकहो, तसे करू नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ प्रमाणे भरपाईचा दावा अपघात झाला तिथे करता येतो, तसाच आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. म्हणजे फिर्याद नळदुर्गला मराठीत नोंदली गेली, तरी बिदरच्या रहिवाशाला बिदरला दावा लावता येतो. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपयांची तरतूद आहे.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला २ लाख व गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. हा अर्ज मात्र अपघात झालेल्या तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडेच द्यावा लागतो.

म्हणून गाडीचा नंबर टिपा, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याची कागदपत्रे जपा. दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला असला, तरी त्या भरवशावर थांबू नका. घरावर दुःख कोसळलेले असते. अशा वेळी भावकीतल्या एका जाणत्याने हे काम अंगावर घ्यावे.