टीबीच्या पेशंटला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ तेवढं कापलंय.

मागच्या महिन्यात एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. धाकट्या भावाला फुप्फुसाचा टीबी आहे, सरकारी औषधं चालू आहेत. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या महिन्याला नऊशे रुपयांच्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणतायत. शेवटी म्हणाल्या, "परवडत नाही म्हणून सध्या दूध बंद केलंय, पण तो लवकर बरा होईल ना?" ते दुधाचं ऐकलं आणि हा भाग करायचाच असं ठरवलं.

आधी हा ताण काय ते बघू

सफरचंद चिरून ठेवलं की काळपट पडतं. हवेतल्या ऑक्सिजनची ती करामत. वर लिंबू पिळलं तर ते बराच वेळ टिकतं, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व ऑक्सिजनचा मारा आधी स्वतःवर घेतं. हेच अँटिऑक्सिडंटचं काम. आपल्या शरीरातही ऑक्सिजनपासून काही फार तापट रेणू सतत तयार होत असतात. त्यांना आवरणारी यंत्रणा कमी पडली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

आता टीबीकडे येऊ. जंतू फुप्फुसात शिरला की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्याच्यावर हेच तापट रेणू सोडतात. म्हणजे ते आपलंच हत्यार आहे! ज्या मुलांमध्ये हे हत्यार बनवणारी यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते, त्यांना टीबीचा धोका जास्त असतो. पण लढाई महिनोन्‌महिने चालली, की त्याची झळ आपल्याच फुप्फुसाला लागते.

म्हणून टीबीच्या पेशंटचं रक्त तपासलं, की बहुतेक अभ्यासांत एकच चित्र दिसतं. चरबीची नासधूस दाखवणारं मॅलोनडायअल्डिहाइड वाढलेलं; क आणि ई जीवनसत्त्वं, ग्लुटाथिऑन हे सगळं घटलेलं. उपचार नीट चालले की हे आकडे हळूहळू सुधारतात.

मग गोळी दिली तर काय बिघडलं?

वाटतं तितकं हे सरळ नाही. आकडे घटतात ते दोन कारणांनी. एक तर लढाईत साठा खर्च होतो. दुसरं म्हणजे माणूस आधीच कुपोषित असतो, त्यात भूक मेलेली. म्हणजे घटलेला आकडा हा धूर आहे. आग आहे ती जंतू आणि उपासमार.

गंमत म्हणजे टीबीच्या जंतूकडेही स्वतःचं अँटिऑक्सिडंट विकर असतं. त्याचं नाव कॅटजी. आपला मारा तो त्याच्या जोरावर परतवतो. आणि १९५२ पासून वापरात असलेलं आयसोनियाझिड हे औषध जंतूच्या पोटात जाऊन याच कॅटजीमुळे जागं होतं आणि त्याच जंतूला मारतं. कॅटजीत बदल झाला, की पुष्कळदा आयसोनियाझिड चालेनासं होतं.

दुसरी गोष्ट २०१३ सालची. अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत क जीवनसत्त्वाने टीबीचे जंतू मारून दाखवले. पण कसे? लोहाच्या मदतीने तापट रेणू वाढवून, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या अगदी उलट वागून! आणि तेही काचेच्या भांड्यात, माणसात नव्हे. तेव्हा "अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच" हे गणित इथे चालत नाही.

माणसांवर काय दिसलंय?

तोवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, टीबीच्या उपचारासोबत सरसकट जास्तीची जीवनसत्त्वं दिल्याने ठोस फायदा होतो असं सिद्ध झालं नाही.

अन्नाचं मात्र वेगळं आहे. झारखंडमधल्या 'रेशन्स' अभ्यासात २,८०० पेशंटना तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांची साधी गोळी असा शिधा दिला. त्यातले पाचांपैकी सुमारे चार कुपोषित होते. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. ज्या घरांत बाकीच्या माणसांनाही शिधा मिळाला, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं.

ताईंना मी काय सांगितलं

ताई, त्या नऊशे रुपयांचं दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे आणा. स्वस्त मिळतील तेव्हा पेरू, आवळा घ्या. निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये मिळतात; २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ते ५०० होते. भावाच्या खात्यात ते येतायत का, आशाताईंना विचारा. विडी-सिगारेट असेल तर बंद, कारण तो धूर फुप्फुसावरचा हाच ताण वाढवतो. डॉक्टरांनी बी-६ ची गोळी दिली असेल तर ती मात्र थांबवू नका. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ती असते. बाहेरून जे जे आणता ते डॉक्टरांना दाखवा. आणि बरं वाटायला लागलं म्हणून टीबीची औषधं मध्येच सोडायची नाहीत, कोर्स पुरा करायचा.

आज भावाचं वजन करून कागदावर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा करा, आणि काटा किती सरकला ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.