वैद्यकीय प्रवेशाची प्रतीक्षा : कोणाला लिहावे, काय लिहावे

पावसाळा सुरू झाला की आपल्या धर्मप्रांतातील काही घरांत रोज एकच प्रश्न विचारला जातो : "यादी लागली का?" मुलाने किंवा मुलीने नीट परीक्षा चांगल्या गुणांनी दिलेली असते, परंतु पहिल्या फेरीत एमबीबीएसची जागा मिळालेली नसते. मग आईवडील धर्मग्रामाच्या कचेरीत येतात आणि थोडे संकोचून म्हणतात, "फादर, डीनसाहेबांना द्यायला महागुरूस्वामींचे एखादे पत्र मिळेल का?" ही विनंती आम्ही अनेकदा ऐकली आहे आणि तिच्यामागची माया आम्हांला कळते. तरीही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. अशा पत्राने यादीतील एकही क्रमांक पुढे सरकत नाही. ख्रिस्तसभेच्या कागदाला जेथे खरोखर किंमत आहे ती जागा निराळीच आहे. तिच्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

प्रथम यादी कशी चालते ते पाहू. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात व त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातील खाजगी महाविद्यालयांचे प्रवेश महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाकडे आहेत. दोन्हीकडे एकामागून एक फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतील कोणी जागा सोडली, कोणी दुसरीकडे गेला, की ती जागा पुढच्या फेरीत गुणवत्तेच्या क्रमाने व भरलेल्या पसंतीक्रमानुसार खाली उतरते. ही वाटणी संगणक करतो. महाविद्यालयाला आपल्या मनाने कोणालाही वर घेता येत नाही. खाजगी महाविद्यालयातील संस्थास्तरीय कोट्याची जागासुद्धा याच व्यवस्थेतून जाते. त्यामुळे अधिष्ठात्यांच्या दालनाबाहेर दिवसभर बसून राहिलेल्या पित्याचा दिवस आणि प्रवासखर्च दोन्ही व्यर्थ जातात.

परदेशी असलेले नातलग कधीकधी निराळा सल्ला देतात. "तुमच्याच महाविद्यालयात यायचे आहे, असे लिहून कळवा," असे ते म्हणतात. त्यांचे चुकत नाही. अमेरिकेत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालय स्वतः मुलाखती घेऊन निवड करते आणि प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्याचे असे पत्र काही महाविद्यालये विचारात घेतात. काही मात्र असे पत्र पाठवू नका, असेही सांगतात. आपल्याकडे हा मार्गच नाही.

अल्पसंख्याक संस्थांचे काय, असा प्रश्न येथे येतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने नीट परीक्षेविरुद्ध दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नीट रद्द केली, २०१६ साली तो निर्णय मागे घेतला. २०१७ साली तर त्या महाविद्यालयाने एमबीबीएसच्या १०० जागांपैकी केवळ एकच जागा भरली. अखेर २९ एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, नीट अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे व त्यामुळे राज्यघटनेच्या ३०व्या कलमाचा भंग होत नाही. तेव्हापासून हा विषय मिटला आहे. आपली संस्था आहे म्हणून आपल्या मुलाला नीटशिवाय घेतील, या आशेवर कोणी राहू नये.

मग लिहावे कोणाला? नाशिककरांचा एक गोड गैरसमज येथेच दूर करू. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, म्हणून पालक तेथे धाव घेतात. हे विद्यापीठ महाविद्यालयांना संलग्नता देते, परीक्षा घेते, पदवी देते, परंतु एमबीबीएसच्या जागा वाटत नाही. राज्याच्या फेरीविषयी तक्रार असेल तर ती मुंबईच्या सीईटी कक्षाकडे, आणि अखिल भारतीय फेरीविषयी असेल तर एमसीसीकडे करावी. तात्पुरती गुणवत्तायादी लागल्यावर आक्षेपासाठी थोडीच मुदत असते. प्रवर्ग, जन्मतारीख वा नाव चुकले असेल तर ते त्याच मुदतीत कळवले पाहिजे. महाविद्यालयाला विचारण्याचे प्रश्न वेगळे : हजर होण्याची वेळ कोणती, शुल्क कोणत्या स्वरूपात भरायचे, मूळ कागद कोणते आणायचे, वसतिगृह आहे काय. त्यांची उत्तरे महाविद्यालयाचे प्रवेश कार्यालय देऊ शकते. जागा मिळण्याआधीही हे विचारून ठेवण्यास हरकत नाही, कारण शेवटच्या फेऱ्यांत हजर होण्यास फारच थोडे दिवस मिळतात.

ईमेल लहान असावा. विषयाच्या ओळीत फेरीचे नाव व प्रश्न, मजकुरात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, नीटचा अर्ज क्रमांक व आसन क्रमांक, राज्य गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग, आणि मग एकच प्रश्न. घरची गरिबी, आजीची इच्छा, सेवेची तळमळ हे सारे खरे असले तरी त्याची जागा तेथे नाही. तोच ईमेल रोज पाठवू नये. आलेले उत्तर छापून ठेवावे.

एक अगदी साधी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. अर्ज सायबर कॅफेत भरताना पुष्कळ घरांतून चालकाचाच मोबाइल क्रमांक व ईमेल पत्ता दिला जातो. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो, सूचना त्याच्याकडे जातात आणि दुकान रविवारी बंद असते! नोंदलेला क्रमांक घरातलाच असावा.

स्टेटस रिटेन्शनचा अर्जही समजून घ्यावा. मिळालेली जागा कायम ठेवायची आहे, असे एकदा लिहून दिले की पुढील फेऱ्यांत त्या विद्यार्थ्याचा विचार होत नाही. तो अर्ज दिला नाही आणि पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळाली, तर आधीची जागा आपोआप जाते. मग मागे फिरता येत नाही. म्हणून जेथे जायचेच नाही असे महाविद्यालय पसंतीक्रमात घालू नये. अनामत रक्कम केव्हा जप्त होते, कोणत्या फेरीनंतर माघार चालत नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. मागील वर्षी शेजाऱ्याने सांगितलेल्या नियमावर विसंबू नये.

आता दाखल्यांकडे येऊ. आमच्या मते आपल्या मुलांच्या जागा येथेच निसटतात. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील आपली बरीच कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातींतील आहेत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. या अन्यायाविषयी ख्रिस्तसभा बोलत आली आहे. परंतु महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते आणि मुलाचा अर्ज खुल्या प्रवर्गात भरला जातो. त्यासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतील नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र ही तिन्ही लागतात. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर धर्मग्रामातील जुन्या स्नानसंस्कार नोंदवहीतील उतारा पूरक पुरावा म्हणून जोडावा. नंदुरबारकडील आदिवासी कॅथोलिकांचा अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मामुळे जात नाही. त्यांनाही वैधता प्रमाणपत्र मात्र हवेच. ही कामे महिनोन्‌महिने चालतात, म्हणून मूल अकरावीत असतानाच ती सुरू करावीत. प्रतीक्षा सुरू झाल्यावर समितीला कितीही पत्रे लिहिली तरी उशीर भरून निघत नाही.

नावातील फरकही नडतो. नोंदवहीत जोसेफ, शाळेत संतोष, आणि जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तिसऱ्याच स्पेलिंगने! प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नोंद अगोदरच करून घ्यावी.

ख्रिस्तसभेचा कागद खरोखर उपयोगी पडतो तो बंगळूरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी. भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेचे हे महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. तेथील जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत भरल्या जातात. तथापि कॅथोलिक असल्याचा दावा पडताळण्यासाठी महाविद्यालयाकडेही वेगळी नोंदणी करावी लागते. तेथे स्नानसंस्काराचा दाखला व धर्मगुरूंचे पत्र ही शिफारस नव्हे, तर पात्रतेचा पुरावा असतो. मुदत टळली तर नीटमधील उत्तम गुणही त्या प्रवर्गात उपयोगी पडत नाहीत. पदवीनंतर ग्रामीण सेवेची अटही तेथे आहे, ती सही करण्यापूर्वी मुलांनी स्वतः वाचावी.

प्रतीक्षेच्या काळात दलालांचेही फोन येतात : जागा राखून ठेवतो, आगाऊ रक्कम द्या. देणगीच्या नावाखाली पैसे घेण्यास महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंदी आहे. असा फोन आल्यास क्रमांक टिपून पोलिसांना कळवावे. शेत गहाण टाकू नये.

शेवटच्या फेऱ्या बहुधा सप्टेंबरात किंवा त्यानंतर होतात. तेव्हाच हरेगावची मतमाऊलीची यात्रा असते. यात्रेला अवश्य यावे, मात्र मूळ कागदांची फाईल तयार ठेवावी आणि नोंदवलेला मोबाइल चार्ज करून बरोबर आणावा. धर्मग्रामाच्या कचेरीतून कोणताही उतारा हवा असेल तर आईवडिलांची नावे, विवाहाचे ठिकाण व मुलाच्या स्नानसंस्काराचे अंदाजे वर्ष लिहून आणावे. नोंदवही शोधण्यास तेवढ्यानेच अर्धा दिवस वाचतो.