लघुपटासाठी स्थळाची निवड

लघुपट करावयाचा असे ठरताच विद्यार्थ्यांच्या तोंडी पहिली नावे येतात ती बीबी का मकबरा, वेरूळ आणि पाणचक्की यांची. ते स्वाभाविक आहे. परंतु स्थळ कथेत कोणते काम करणार, हा प्रश्न आधी विचारावा, सौंदर्याचा नंतर. निवासी शाळेतील मुलांना सुचणारी कथा बहुधा जवळची असते: आईवडील ऊसतोडीला गेले आणि मूल वसतिगृहात राहिले. या कथेला मकबऱ्याचे घुमट काय देणार? तिला हवा गावाबाहेरचा थांबा, पत्र्याची पेटी टेकवता येईल असा कट्टा आणि निघालेले वाहन बराच वेळ दिसत राहील असा सरळ रस्ता.

२०१४ साली प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आठवावा. जब्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर बांधून नेत असते आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आदींची चित्रे असतात. तेथे कोणी भाषण करीत नाही. जे सांगायचे ते भिंत सांगते. अशी भिंत आपल्याही गावात असेल; रोज पाहत असल्याने ती दिसत नाही, एवढेच.

हाच मुलगा मोठा होऊन शिकतो असे दाखवायचे असेल, तर मात्र नागसेनवनाचा विचार जरूर करावा. १९५० साली येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाची, म्हणजे आजच्या मिलिंदची, कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविली गेली. घर सोडून शिकायला आलेल्या कितीतरी मुलांच्या पायांखालची ही जमीन आहे. अर्थात संस्थेची लेखी अनुमती आधी हवी. जवळच्या डोंगरातील औरंगाबाद लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत; तेथे चित्रीकरणासाठी त्या खात्याची परवानगी लागते. अर्ज वेळेवर करावा, आयत्या वेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये.

स्थळाला ऋतूही असतो. ‘पथेर पांचाली’च्या वेळी सत्यजित राय यांनी काशफुलांच्या रानात एक दिवस चित्रण केले, आठवड्याने परत गेले तर गुरांनी फुले खाऊन टाकली होती. उरलेले दृश्य पुढच्या हंगामावर गेले. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. तो निरोप मे महिन्यात मांडला, तर हिरव्या शिवाराऐवजी नांगरलेली ढेकळे दिसतील आणि जाणकार प्रेक्षक हसेल.

कोपीवर चित्रण करायचे असल्यास पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊच नये. बसावे, बोलावे, कथा सांगावी. त्या बायका दिवसभर राबून आलेल्या असतात. त्यांची चूल ही कोणाची पार्श्वभूमी नव्हे. नकार मिळाला तर तो मान्य करावा.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. चितेगाव पैठण रस्त्यावर आहे, भोवती कारखाने आहेत. मालमोटारींच्या आवाजात हळू बोललेले वाक्य बुडून जाते. म्हणून स्थळ पाहायला जाताना, ज्या वेळी चित्रण करणार त्याच वेळी जावे, मोबाईलवर पाच मिनिटे नुसता आवाज मुद्रित करावा आणि शाळेत परतल्यावर तो सर्वांनी मिळून ऐकावा. सावली कोठे आहे, वीज कोठून घेता येईल, मुलींसाठी स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, हेही त्याच फेरीत वहीत लिहून घ्यावे.